ट्रकमधून न येणाऱ्या गोष्टी

सावंतवाडीच्या बाजारपेठेतलं एखादं केशकर्तनालय आणि पुण्यात कोथरूडमधलं एखादं, दोन्ही डोळ्यांपुढे आणा. कात्री तीच, कंगवा तोच, कारागिराचा हात तितकाच तरबेज, आणि डोकं हलकं व्हायला लागणारा वेळही तेवढाच. आरशाच्या बाजूला टांगलेली शांपूच्या पुड्यांची माळही तीच, तिच्यावरची छापील किंमत दोन्हीकडे पैशापर्यंत सारखी. केस कापून झाल्यावर गिऱ्हाईक जे पैसे मोजतं त्यात मात्र दुपटीचा फरक सहज पडतो. एकाच खोलीत, एकाच आरशासमोर दोन तऱ्हेच्या किमती आहेत: एक सबंध देशाची आणि एक त्या गल्लीची. शहर सोडून लहान गावात राहायला जाऊ म्हणणाऱ्याचं अर्धंअधिक गणित या खोलीत मांडलेलं असतं. ते उलगडायला लागलं की जे दिसतं ते मला आजही थक्क करतं.

आधी शांपूची पुडी. ती हिमाचलातल्या बद्दीत भरली गेली असेल किंवा आणखी कुठल्या कारखान्यात. तिथून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीत यायला तिला पुण्यापेक्षा जास्त वाट तुडवावी लागते. तरी किंमत तीच. आपल्याकडे बंद पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि प्रत्येक गावासाठी वेगळी किंमत छापत बसणं कुठल्याच कंपनीला जमण्यासारखं नाही. म्हणून घाटाखालच्या दुकानापर्यंतचं भाडं देशभरातल्या सगळ्या गिऱ्हाइकांमध्ये कणाकणाने वाटलं जातं. दोडामार्गच्या टपरीवरच्या बिस्किटाच्या पुड्याचं थोडंसं गाडीभाडं कुलाब्यातल्या माणसाने भरलेलं असतं, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. साबण, टूथपेस्ट, मोबाइलचा रिचार्ज, रक्तदाबाची गोळी, सगळ्यांची थोड्याफार फरकाने हीच गोष्ट. विजेचंही तसंच: महावितरणचा घरगुती दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि तो पुण्याला नि सावंतवाडीला एकच असतो.

तेव्हा गावी गेल्यावर वाणसामानात फार बचत होईल ही आशा सोडलेली बरी. उलट छापील किंमत ही कमाल असते. शहरातली मोठी दुकानं गाड्याच्या गाड्या माल उचलतात आणि त्याखाली विकतात. गावातला किराणा दुकानदार चार पेट्या घेतो, त्याला ते परवडत नाही. जेसी हँडबरी आणि डेव्हिड वाइनस्टाइन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या घरांच्या किराणा खरेदीच्या बारकोडसह नोंदी तपासल्या आणि २०१५ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. मोठ्या शहरात किराणा महाग, ही समजूत त्यांनी मुळापासून हलवली. तोच बारकोड, तशाच प्रकारचं दुकान अशी तुलना केली तर मोठं शहर आणि लहान शहर यांतला फरक जवळजवळ विरून जातो. शिवाय मोठ्या शहरात जे जिन्नस मिळतात आणि लहान शहरात मिळतच नाहीत, त्यांचा हिशोब धरला तर मोठं शहरच स्वस्त ठरतं. शहरातला माणूस महाग पनीर घेतो म्हणून त्याचं बिल मोठं दिसतं, पनीर महाग म्हणून नव्हे.

मग स्वस्त काय? तिथेच पिकतं ते, असं उत्तर ओठांवर येतं. कोकणात आंबा, काजू, मासळी स्वस्त असणार. प्रत्यक्षात देवगडचा हापूस देवगडात स्वस्त नसतो. पेटीचा भाव वाशीच्या बाजारात फुटतो आणि बागायतदार तो फोनवर ऐकतो. वाशीला जे मिळेल त्यातून भाडं आणि आडत वजा करून उरतं त्याहून कमीला तो शेजाऱ्याला का देईल? सुरमई आणि पापलेट बर्फात बसून गोव्याला, मुंबईला, परदेशात जातात, म्हणून वेंगुर्ल्याच्या बंदरावरही त्यांना त्या दूरच्या ताटांचाच भाव लागतो. काजूबीचा दर तर आफ्रिकेतून येणाऱ्या आयात बीच्या दराबरोबर वरखाली होतो. सिंधुदुर्गातल्या डोंगरउतारावर उभ्या असलेल्या झाडाखाली पडलेल्या बीची किंमत आयव्हरी कोस्टच्या पिकावर हलते, यावर विश्वास ठेवायला मन चटकन तयार होत नाही, पण बागायतदार दर मोसमात ते अनुभवतात.

खरोखर स्वस्त मिळतं ते प्रवास न झेपणारं. रायवळ आंबा, पातळ सालीचा, रसाने भरलेला, पेटीत दोन दिवस टिकत नाही. बरका फणस कापला की त्याच दिवशी संपवायचा. तारली पकडल्यावर काही तासांत नरम पडते. त्यांना दूरचं गिऱ्हाईकच नाही, म्हणून ती गावाच्या भावात गावातच खाल्ली जातात. नासण्याची घाई जितकी मोठी तितका भाव स्थानिक. मला वाटतं, लहान गावी राहायला जाणाऱ्याच्या पदरात पडणारी ही सगळ्यात रसाळ बचत आहे. ती घ्यायची तर जीभ मात्र बदलावी लागते: जो मोसमाप्रमाणे खातो त्याला गाव स्वस्त, आणि जो बारा महिने तेच खातो त्याला महाग.

अंतर आणि किंमत यांचं हे नातं पहिल्यांदा नीट मांडलं ते एका शेतमालकाने. योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन याने १८१० मध्ये जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गमध्ये टेलो नावाची शेतजमीन घेतली आणि वर्षानुवर्षं तिथला पैन् पैचा जमाखर्च लिहून ठेवला. त्या वह्यांतून १८२६ मध्ये त्याचा ‘एकाकी राज्य’ हा ग्रंथ उभा राहिला. सपाट मैदान, मधोमध एकच शहर, नदी नाही, घाट नाही, अशी कल्पना त्याने केली आणि विचारलं, कुठे काय पिकेल? शहराला खेटून दूध आणि भाजीपाला, कारण ते नासतं. त्यापलीकडे जळाऊ लाकडाचं रान, कारण ते जड. मग धान्य. आणि सगळ्यात लांब जनावरं, कारण ती स्वतःच्या पायांनी चालत बाजारात येतात. गाडी ओढणारी घोडी वाटेत दाणा खातात, गाडीवानही खातो. तेव्हा एका ठरावीक अंतरानंतर गाडीतलं सगळं धान्य प्रवासातच फस्त होईल, हेही त्याने हिशोबात धरलं. बाजारभाव त्याला बाजारात बसून नव्हे, चाकांच्या वाटेवर सापडला.

थ्यूनेनच्या नकाशात घाट नव्हते, आपल्या नकाशात आहेत. सावंतवाडीच्या मंडईतली भाजी बरीचशी बेळगावकडून आंबोली घाटाने उतरते; रत्नागिरीची कोल्हापूरकडून आंबा घाटाने. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला की दोन दिवसांत कोथिंबिरीची जुडी रागावल्यासारखी भाव खाते. पेट्रोलचंही असंच. राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलच्या बातम्यांत परभणीचं नाव वर्षानुवर्षं झळकत आलं, कारण तिथला टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून सुमारे तीनशे किलोमीटर चालून येतो. मुंबईत तेलशुद्धीकरण कारखाने शहराच्या कुशीत. म्हणजे ट्रकमधून येणाऱ्या गोष्टी लहान गावात एक तर शहराइतक्याच महाग किंवा थोड्या जास्त.

आता केस कापणारे हात. ते ट्रकमधून येत नाहीत. १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी नाटक आणि संगीताच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता: यंत्रांनी सगळं स्वस्त होत असताना नाटकाचा खर्च का वाढतो? बेथोव्हेनची चार वाद्यांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं आणि ठरावीक मिनिटं लागायची, आजही तितकीच लागतात. सावंतवाडीच्या माणसाला हे दशावतारावरून लगेच पटेल. दशावतारी नाटक रंगवायला पूर्वी एक रात्र लागायची, आताही एक रात्रच लागते; त्यात कुठलं यंत्र वेळ वाचवू शकत नाही. पण त्यातल्या नटाला दुसरीकडे काय मिळू शकतं, ते वाढत गेलं की त्याच्या रात्रीचं मोलही वाढवावं लागतं. न्हाव्याचं तसंच. पुण्यात त्याच्या आजूबाजूला संगणकाच्या कंपन्या आहेत, गोदामं आहेत, गाड्या चालवण्याची कामं आहेत. त्याला खुर्चीमागे टिकवून ठेवायचं तर त्या कामांच्या जवळपास जाणारं उत्पन्न त्याला मिळायला हवं, आणि ते केस कापण्याच्या दरातूनच यायला हवं. त्याची कात्री पूर्वीच्याच वेगाने चालते, पण शेजारच्या इमारतीतलं यंत्र वेगाने चालतं म्हणून त्याचा दर वाढतो. बेला बालाशा आणि पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे हेच देशादेशांबद्दल दाखवलं होतं: श्रीमंत देशात केस कापणं का महाग पडतं. ते तत्त्व घाटाच्या वर आणि घाटाच्या खालीही लागू पडतं.

म्हणून लहान गावात स्वस्त असतो तो माणसाचा वेळ. शिंप्याचा, सायकल दुरुस्त करणाऱ्याचा, शिकवणी घेणाऱ्याचा, घरी येऊन डबा पोचवणाऱ्याचा. इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. ही स्वस्ताई म्हणजे कुणाचं तरी तुटपुंजं उत्पन्न आहे. शहरातून पगार किंवा निवृत्तिवेतन घेऊन येणाऱ्याला ती बचत म्हणून दिसते. त्याच गावात दुकान टाकून पोट भरायचं असेल तर तीच गोष्ट समोरून येऊन आदळते. गाव स्वस्त आहे की नाही, हे विचारण्याआधी आपले पैसे कुठून येणार आहेत हे विचारावं. पैसा घाटावरून येणार असेल तर एक उत्तर, गावातच मिळवायचा असेल तर दुसरं.

पण हात खरंच कुठे जात नाहीत का? कोकणात तर पिढ्यान् पिढ्या हातच निघून गेले. मुंबईच्या गिरण्यांपासून आजच्या कार्यालयांपर्यंत चाकरमान्यांची रांग लागली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर ती वाट आणखी सोपी झाली. परिणाम असा की माडावर चढून नारळ पाडणारा माणूस आज शोधावा लागतो, आणि सापडला तर तो सांगेल तो दर. आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात. बांधकामावर कर्नाटकातून आणि उत्तरेतून आलेले कारागीर असतात. जो प्रवास करू शकतो त्याचा भाव गावचा राहत नाही, हा हापूसला लागू होणारा नियम माणसालाही लागू झाला. म्हणून पुण्याहून आलेल्याला गड्याची मजुरी ऐकून धक्का बसतो. ज्या कामाला अंगमेहनत आणि धोका आहे, त्याची मजुरी मुंबईच्या मजुरीशी बोलत असते.

मग अगदीच हलू न शकणारं काय उरलं? जमीन. आणि इथे सरकारच्या एका कोष्टकात डोकावण्यासारखं आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता देशभर एकाच टक्क्याने मिळतो. टपाल कार्यालय मुंबईतलं असो वा सावंतवाडीतलं. घरभाडे भत्ता मात्र गावाप्रमाणे बदलतो. पन्नास लाखांवर लोकवस्तीची शहरं पहिल्या वर्गात, पाच ते पन्नास लाखांची दुसऱ्या आणि त्याखालची सगळी तिसऱ्या. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर पोचल्यावर, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, हे दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. मुंबई आणि पुणे पहिल्या वर्गात. कोल्हापूर, नाशिक दुसऱ्या. सावंतवाडी, जिची वस्ती २०११ च्या जनगणनेत पंचवीस हजारांच्याही आत होती, ती तिसऱ्या. ३५,४०० रुपये मूळ वेतन असलेल्याला पुण्यात १०,६२० रुपये, सावंतवाडीत ३,५४०. प्रवासभत्त्यातला थोडा फरक सोडला तर बाकी सगळं सारखं. पगाराचं हे कोष्टकच सांगतं की कांदा सगळीकडे कांद्याच्याच भावाने मिळतो, बदलतं ते डोक्यावरचं छप्पर. महागाई मोजणाऱ्या निर्देशांकातही हे उमटलेलं दिसतं. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात शहरी भागातल्या निवासाला २१.६७ टक्के वजन होतं. ग्रामीण निर्देशांकात घरभाड्याला वजनच नव्हतं, कारण खेड्यात बहुतेक जण स्वतःच्या घरात राहतात आणि भाड्याचा बाजार जवळपास नसतोच.

शहरातलं भाडं म्हणजे विटा-सिमेंटचं भाडं नव्हे. विटा आणि सिमेंट तर ट्रकमधून येतात, त्यांची किंमत गावीही तेवढीच किंवा थोडी जास्त. ते जवळपणाचं भाडं असतं: कचेरी, शाळा, रुग्णालय, स्टेशन हाकेच्या अंतरावर असण्याचं. ते महिन्याच्या महिन्याला पुढाऱ्याच्या सभेसारखं गाजावाजा करत येतं, म्हणून आपल्याला टोचतं. गावी गेल्यावर ते थांबतं. पण अंतर थांबत नाही, ते दुसऱ्या खात्यातून वसूल होतं. शहरात लोकल किंवा पीएमपी बसच्या पासावर महिना निघतो. गावी बहुधा घरात दोन दुचाक्या लागतात आणि वय वाढलं की चारचाकी. एसटी आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना त्याआधीपासून प्रवास फुकट, ही मोठी सोय आहे. पण रात्री नऊनंतर वाडीत जाणारी गाडी नसते. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण अनेकदा गोव्यातल्या बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यावा लागतो, सावंतवाडीपासून साठ-पासष्ट किलोमीटर, राज्याची हद्द ओलांडून. जानेवारी २०१८ मध्ये गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली तेव्हा सिंधुदुर्गात मोठी नाराजी उसळली, कारण इथल्या माणसाच्या घरखर्चात ते रुग्णालय कायमचं धरलेलं होतं. मुलांचंही तसंच. बारावीनंतर मुलगी पुण्याला किंवा कोल्हापूरला शिकायला गेली की वसतिगृहाच्या रूपाने शहराचं भाडं पुन्हा घरात शिरतं. हे खर्च महिन्याच्या वहीत दिसत नाहीत. ते वर्षाच्या, कधी दहा वर्षांच्या वहीत दिसतात, आणि एकदम दिसतात.

म्हणून तुलना करायची तर एका महिन्याची करू नये. बँकेच्या आणि यूपीआयच्या नोंदी काढून गेल्या वर्षभराचा खर्च समोर घ्यावा आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहावा: हे ट्रकमधून येतं का? येत असेल तर गावी तेवढंच किंवा थोडं जास्त धरा. ते माणसाच्या हातचं काम असेल तर कमी धरा, पण नारळ पाडणाऱ्याला विसरू नका. जागेचं असेल तर खूप कमी. आणि ज्यासाठी आपल्यालाच प्रवास करावा लागेल, डॉक्टर, कॉलेज, विमानतळ, लग्नकार्यं, त्याचा वेगळा आकडा मांडून तो बाराने भागा आणि भाड्याशेजारी लिहा. हे करून पाहिलं की एका घराला गाव निम्म्यात पडतं आणि त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घराला काहीच वाचत नाही, याचं कोडं सुटतं. पंचविशीतला घरून काम करणारा तरुण आणि डायलिसिसवर असलेले आजोबा यांच्यासाठी सावंतवाडी ही दोन वेगळ्या किमतींची गावं आहेत.

जमिनीबद्दल एक सांगायचं राहिलं. ती हलत नाही, पण गिऱ्हाईक हलतं. गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमानं उडू लागली आणि गोव्याच्या सीमेलगतच्या सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले तालुक्यांतल्या जमिनींकडे दूरदूरच्या माणसांची नजर वळली. जागेला बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं की तिचाही भाव गावचा राहत नाही. स्वस्ताईचा शेवटचा बुरूजसुद्धा असा विमानाने गाठता येतो. गावी जन्मलेल्या आणि तिथेच कमावणाऱ्या तरुण जोडप्याला घरासाठी चार गुंठे घेणं अवघड होत जातं, ही मला या सगळ्या गणितातली सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. आपण तिथे जागा घेणार असू तर त्या भावात आपलाही हात असतो.

आणि घर विकत घेण्याआधी तिथे भाड्याने राहून पाहायचं तर करार जूनपासूनचा करावा. डिसेंबरात कोकणातलं कुठलंही घर सुंदरच असतं. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडू लागला की खरा खर्च कळतो: वीज गेली की इन्व्हर्टर, दर काही वर्षांनी त्याची बॅटरी, बुरशीपासून जपायचे कपडे आणि पुस्तकं, गळणारं कौल, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्यामुळे चढलेली मासळी. जुन्या घरांना हे सगळं ठाऊक असतं. म्हणून मेअखेरीला आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी होते: सुके बांगडे, सोडे, आमसुलं, मिरच्या, कांदे, तांदूळ, जळण. त्या एका महिन्यात वही फुगते आणि जुलैत रोडावते, तेव्हा मे आणि जुलै एकत्र मोजावेत. शेजारच्या काकींकडे आगोटीची यादी तोंडपाठ असते. ती उतरवून घ्यावी, बाजारात जाऊन एकेका जिनसापुढे भाव लिहावा आणि ती बेरीज वर्षाच्या हिशोबात पहिल्या ओळीला टाकावी.